न दिलेलं चित्र

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एक बाई राहत होती. वय एकोणसाठ, घरसंसार सांभाळणारी. हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली. तिचं नाव जगाला ठाऊक नाही, कारण ते गुप्तच ठेवायचं असं ठरलं होतं. पण तिचं शरीर आज जगात कुणालाही, केव्हाही, घरबसल्या पाहता येतं. तेही आतून, टाळूपासून तळपायापर्यंत. मेंदू, जठर, गर्भाशय, गुडघ्याची वाटी, सगळं. नाव झाकलेलं आणि बाकी काहीच झाकलेलं नाही, अशी ही एकोणसाठ वर्षांची गृहिणी. मी स्वतः पन्नाशी ओलांडलेली, घरातच राहणारी बाई. म्हणून तिच्याबद्दल वाचल्यापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही.

झालं होतं असं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ठरवलं की माणसाच्या संपूर्ण शरीराचा एक नकाशा तयार करायचा आणि तो संगणकात ठेवायचा. प्रकल्पाचं नाव ‘व्हिजिबल ह्यूमन’, म्हणजे दिसणारा माणूस. काम कोलोरॅडो विद्यापीठात झालं. पुरुषाचं शरीर १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांसमोर आलं, बाईचं १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये. आधी सीटी आणि एमआरआय काढले. मग देह जिलेटिनमध्ये बसवून कडक गोठवला, आणि वरून एकेक पातळ थर यंत्राने खरवडत नेला. थर खरवडला की खालच्या भागाचा फोटो, पुन्हा थर, पुन्हा फोटो. पुरुषाचा थर एक मिलिमीटरचा होता. बाईच्या वेळी हात आणखी बसला होता, थर एक तृतीयांश मिलिमीटरचा झाला. तिचे पाच हजारांवर फोटो झाले. खरवडलेल्याचा भुगा होतो. म्हणजे काम संपतं तेव्हा देह उरतच नाही, चित्रं तेवढी उरतात.

हे तीन मितींचं चित्र म्हणजे नेमकं काय, ते मला बरेच दिवस समजत नव्हतं. आमच्या घरच्या इंजिनिअर मंडळींनी समजावलं तेव्हा तर आणखीच गोंधळ झाला. शेवटी उलगडलं ते अळूवडी करताना. (चातुर्मासात आमच्याकडे पालेभाजी नाही, त्यामुळे अळूवडी कार्तिकी पौर्णिमेनंतरच.) पानाला पीठ लावून गुंडाळी केली, उकडली, की होतो उंडा. बाहेरून पाहिलं तर नुसतं हिरवं लाकूड. सुरीने काप केले की प्रत्येक कापावर आतली चक्री दिसते. सीटीचं यंत्र असे काप करतं, फक्त सुरीशिवाय. आता सगळे काप पुन्हा क्रमाने एकमेकांना चिकटवून ठेवा, पुन्हा उंडा तयार. आणि हा उंडा संगणकातला असला की तो आडवा कापा, उभा कापा, तिरपा कापा, पान सोलून बाजूला ठेवा, नुसतं पीठ पाहा. एकदा कापलेला उंडा दुसऱ्या दिशेने कापता येत नाही, ही आपली स्वयंपाकघरातली अडचण तिथे नाही.

आणि दूरवरून पाहायचं तर उंडा तुमच्या घरी यावा लागत नाही. त्या बाईचा सगळा ऐवज सुमारे चाळीस गिगाबाइटचा, तो कोण कुठे वाहून नेणार? उंडा राहतो दूरच्या मोठ्या संगणकात. तुम्ही इथून सांगायचं, मला डाव्या कुशीकडून एवढा तिरपा काप हवा. तिथला संगणक तो काप करतो आणि त्याचं तेवढं चित्र तारेवरून धाडतो. बोट फिरवलं की नवं चित्र. समोरच्याला वाटतं, शरीर आपल्या हातात फिरतंय. पाहणारा भोपाळला, काप पुण्यात, आणि ज्या माणसाचं हे शरीर तो? तो तिसरीकडेच कुठेतरी चहा पीत असेल. किंवा नसेलही.

या मेरीलँडच्या बाईबद्दल एक गोष्ट वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही. तिची चित्रं प्रसिद्ध झाल्यावर काहींनी म्हटलं, की ही बाई पाळी गेलेली, तेव्हा स्त्रीशरीराचा नमुना म्हणून ती जरा अपुरीच. पाच हजार काप देऊनही अपुरी! बायांनो, हे वाक्य आपण निरनिराळ्या तोंडांतून ऐकलेलं आहे.

पण मला विचारायचा आहे तो प्रश्न वेगळा आहे. तो आहे देण्याघेण्याचा.

चोरीची आपल्याकडची व्याख्या फार साधी आणि फार कडक आहे. कुलूप तोडणं, पाकीट मारणं एवढ्यालाच तिथे चोरी म्हणत नाहीत. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. तत्त्वार्थसूत्रात ती याच अर्थाने येते आणि तिला नाव आहे अदत्तादान. लहानपणी कारंज्याच्या पाठशाळेत हे शिकताना आम्हा मुलींना मोठी गंमत वाटायची, कारण त्या हिशेबाने आम्ही सगळ्याच चोर. शेजारच्या अंगणातला पडलेला पेरू उचलला तरी चोरी, बहिणीची रिबीन न विचारता लावली तरी चोरी. मात्र गृहस्थाला एक सूट असते, असंही गुरुजी सांगत. विहिरीचं पाणी, नदीकाठची माती, अशा सगळ्यांच्या गोष्टी न विचारता घेतल्या तर गृहस्थाच्या व्रताला बाध येत नाही. साधूला तीही सूट नाही.

मग शरीराच्या आतलं चित्र कशात मोडतं? पेरूत की पाण्यात?

पाण्यात मोडतं, असं म्हणणाऱ्यांची बाजू मला कळते. चित्राची नकल केली तर मूळ चित्र कमी होत नाही. माझ्या यकृताचा फोटो दहा हजार विद्यार्थ्यांनी पाहिला तर माझं यकृत झिजत नाही. उलट त्यातला एखादा विद्यार्थी उद्या कुणाचा तरी जीव वाचवेल. विहीर उपसली तरी पुन्हा भरते, तसं हे. मी या बाजूला सहज झटकत नाही. जिल्ह्याच्या गावी हल्ली सीटीचं यंत्र असतं, पण ते चित्र वाचणारा डॉक्टर रात्री अकराला तिथे नसतो. डोक्याला मार लागलेला मुलगा तिकडच्या टेबलावर, आणि त्याच्या डोक्याचे काप मोठ्या शहरातल्या डॉक्टरच्या पडद्यावर काही मिनिटांत. हे नको म्हणणारी मी कोण? शिवाय आतलं चित्र गावाला पाठवणं हे नव्या काळाचं खूळही नाही. लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्यांदा एका रुग्णाच्या डोक्याचं सीटी निघालं. मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेली ती एक बाईच होती. रुग्णालयात एवढा मोठा संगणक नव्हता, म्हणून चुंबकी फीत गाडीत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला कंपनीच्या संगणकाकडे नेली. तेव्हा तार नव्हती, मोटार होती, एवढाच फरक.

त्याच्याही मागे जा. क्ष-किरण शोधणाऱ्या रॉन्टजेनने १८९५ च्या डिसेंबरात आपल्या बायकोचा हात पंधरा मिनिटं तबकडीवर ठेवायला लावला. हाडं आणि बोटातली अंगठी उमटली. जिवंत माणसाच्या आतलं पहिलं गाजलेलं चित्र ते हेच, एका घरच्या बाईच्या हाताचं. ते पाहून तिला आपलं मरणच दिसल्यासारखं वाटलं, असं सांगतात. आणि १ जानेवारी १८९६ ला नवऱ्याने आपला शोधनिबंध चित्रांसह ओळखीच्या शास्त्रज्ञांना टपालाने धाडला. काही दिवसांत बातमी वर्तमानपत्रांत. ते पाकीट टपालात पडताना अ‍ॅना बेर्टाला कुणी विचारलं असेल का, की हा हात तुझा आहे, पाठवू का? विचारलं असेलही. भल्या घरचा माणूस होता. पण असल्या प्रश्नांची नोंद कुणी करत नाही. शोधाची करतात.

म्हणून मी पाणी आणि पेरू यांचा निवाडा कमी होतं की नाही यावर करत नाही. ज्याने दिलं त्याने काय समजून दिलं, यावर करते. आणि इथे तीन माणसं माझ्यासमोर उभी राहतात.

पहिला तो पुरुष, ज्याचं शरीर १९९४ ला आलं. जोसेफ पॉल जर्निगन. टेक्सासच्या तुरुंगातला खुनाचा कैदी, ५ ऑगस्ट १९९३ ला विषाचं इंजेक्शन देऊन त्याला देहदंड दिला. तुरुंगातल्या धर्मोपदेशकाच्या सांगण्यावरून त्याने देह विज्ञानाला दिल्याच्या कागदावर सही केली होती. विज्ञानाला म्हणजे कशाला, हे त्याला कुठे माहीत होतं? त्याच्या मनात वैद्यकीय कॉलेजातलं एखादं टेबल असेल, भोवती पाच-सात विद्यार्थी असतील. जगभरच्या पडद्यांवर आपली मांडी काप काप होऊन फिरेल, आणि ती आपल्या नावानिशी फिरेल, हे त्याच्या स्वप्नातही नसणार. त्याच्या हातून खून झाला होता, हे मी विसरत नाही. पण खुन्याचं सुद्धा न दिलेलं घेता येत नाही. व्रतात तशी सूट नाही.

दुसरी ही आपली मेरीलँडची गृहिणी. तिचा देह नवऱ्याने दिला, असं तेव्हा प्रसिद्ध झालं. तिचीही इच्छा असेल, त्यांचं आपसात बोलणं झालं असेल. संसारात बऱ्याच गोष्टी बोलण्याशिवायही ठरतात. तरी माझा हात इथे थोडा अडखळतो. आयुष्यभर ज्या बाईच्या सह्या नवऱ्याने केल्या (आपल्यापैकी कितीजणींच्या बँकेच्या कागदांवर पेन्सिलने फुली मारलेली असते, इथे सही कर म्हणून), तिच्या शेवटच्या देण्यावरही सही नवऱ्याचीच.

तिसरी सुझन पॉटर. जर्मनीत जन्मलेली, अमेरिकेत राहिलेली, अपंगांच्या हक्कांसाठी भांडणारी, सगळ्या वर्णनांवरून फटकळ आणि अवघड बाई. २००० साली तिने कोलोरॅडोच्या त्याच प्रयोगशाळेशी संपर्क साधला आणि सांगितलं, मला घ्या. वय सत्तरीच्या पुढे होतं. पण आधी मला दाखवा म्हणाली. देह जिथे गोठवतात ती खोली दाखवा, कापायचं यंत्र दाखवा. तिने ते सगळं पाहिलं. अटी घातल्या. मला कापाल तेव्हा खोलीत गुलाब हवेत आणि शास्त्रीय संगीत लागलेलं हवं. गंमत अशी की आता फार दिवस उरले नाहीत म्हणणारी ही बाई त्यानंतर पंधरा वर्षं जगली, २०१५ ला सत्त्याऐंशीव्या वर्षी गेली, आणि या पंधरा वर्षांत शास्त्रज्ञांशी भांडली, त्यांची मैत्रीण झाली, विद्यार्थ्यांना दटावत राहिली. तिचे काप सत्तावीस हजार झाले. प्रत्येक काप दिलेला आहे. डोळे उघडे ठेवून दिलेला.

तिघांचीही चित्रं पडद्यावर सारखीच दिसतात. हाड पांढरं, स्नायू लाल. सॉफ्टवेअरला यांतला फरक दाखवता येत नाही. फरक चित्राच्या बाहेर आहे, चित्र होण्यापूर्वीच्या त्या क्षणात आहे, आणि म्हणूनच तो हरवायला फार सोपा आहे.

आता घरातली गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. वय ब्याऐंशी. डोक्याला खोक पडली म्हणून सीटी केलं. हल्ली फिल्मचं ते मोठं पाकीट सगळीकडे मिळत नाही. आम्हाला मिळाली एक चिठ्ठी, तिच्यावर चौकोनी ठिपक्यांचं चित्र. मोबाइल धरला की डोकं उघडतं. ती चिठ्ठी कुटुंबाच्या ग्रुपवर गेली, कारण काळजी सगळ्यांनाच होती. रिपोर्ट चांगला आला, आत काही झालेलं नव्हतं. पण त्याच संध्याकाळी पुण्याच्या पुतण्याने त्या कापांचं तीन मितींचं डोकं तयार करून ग्रुपवर टाकलं. गरागरा फिरणारं. आधी कवटी, मग एक कळ दाबली की वर कातडी. सॉफ्टवेअर कातडी दाखवतं, पण केस दाखवत नाही. डोळे मिटलेले, डोक्यावर केस नाहीत, पदर नाही, तोंडात कवळी नाही. आणि तरी त्याच. नाकाचा तो बाक, ती हनुवटी. ग्रुपवर बत्तीस माणसं. जावई, व्याही, कुणाकुणाच्या सुना. खाली हात जोडलेली चित्रं आणि ‘आजी रॉक्स’.

पुतण्या गुणी आहे, त्याच्या मनात प्रेमच होतं. मी त्याला फोनवर म्हटलं, अरे, हे काढ. तो म्हणाला, ‘‘काकू, यात काय आहे? मेडिकल इमेज आहे, आजीचा फोटो थोडाच आहे!’’

सासूबाईंना हे तिसऱ्या दिवशी कळलं, एका व्याहीणबाईंच्या फोनवरून. त्यांनी मला हाक मारली. म्हणाल्या, ‘‘अगं, माझं डोकं सगळ्यांनी पाहिलं म्हणे. मला कुणी दाखवलं?’’

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. घाबरतील असं मला वाटलं होतं, घाबरल्या नाहीत. बोटाने फिरवायचं कसं ते विचारलं, स्वतः फिरवलं. कवटीकडे त्या अगदी शांतपणे पाहत होत्या. रोज सामायिक करणाऱ्या बाईला शरीर आणि आपण वेगळे आहोत हे नव्याने सांगावं लागत नाही. कातडीचं चित्र आल्यावर मात्र थांबल्या. ‘‘कवळी काढून घेतलाय,’’ म्हणाल्या. ‘‘थोरल्या जावयांनी पाहिलं असेल का गं?’’

मला वाटतं, सगळ्या कायद्याच्या पुस्तकांत जे सांगायचं असतं ते त्यांनी या दोन वाक्यांत सांगितलं. मेडिकल इमेज आणि आजीचा फोटो यांतली रेघ पुतण्याला वाटते तितकी जाड नाही, हे शास्त्रज्ञांनीही पडताळून पाहिलंय. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ साली चौऱ्याऐंशी जणांचे डोक्याचे एमआरआय घेतले. नाव काढून टाकलं, तारीख काढून टाकली. मग त्यांतून कातडीचा चेहरा तयार केला आणि तो चेहरे ओळखणाऱ्या साध्या बाजारी सॉफ्टवेअरला दिला, सोबत त्यांचे नेहमीचे फोटो. चौऱ्याऐंशीपैकी सत्तर जण बरोबर ओळखले गेले. वैद्यकीय चित्रांची जी जगभरची रीत आहे, डायकॉम नावाची, तिच्यात रुग्णाचं नाव, जन्मतारीख हे सगळं चित्राच्याच फाइलमध्ये सोबत बांधलेलं असतं. संशोधनाला देताना ते सोडवून घेतात आणि म्हणतात, आता हे कुणाचंच नाही. पण चेहरा कसा सोडवणार? आता चेहरा पुसून टाकणारी सॉफ्टवेअर निघाली आहेत. नाक, ओठ, डोळे खरवडून टाकायचे आणि मग बाकीचं डोकं जगाला द्यायचं. सासूबाईंच्या पदराचं काम आता यंत्राला करावं लागतंय, असं मनात आलं.

तरी नुसतं झाका, दडवा, एवढंच मला म्हणायचं असतं तर हा लेख इथे संपला असता. सासूबाईंचं दुसरं वाक्य मला जास्त टोचलं ते खरं, पण पहिलं वाक्य मोठं आहे. मला कुणी दाखवलं?

चोरीची ही दुसरी बाजू आपण क्वचितच पाहतो. एखाद्याचं घेऊन दुसऱ्यांना देणं ही तर चोरी आहेच. ज्याचं आहे त्यालाच न देणं, हे काय आहे? आपल्यापैकी किती बायकांनी आपला स्वतःचा एक्स-रे दिव्यासमोर धरून पाहिला आहे? पाकीट नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतं, डॉक्टर त्यांच्याशी बोलतात, आपण खुर्चीवर बसून पर्स सावरतो. गर्भाशय माझं, चर्चा तिघांची, आणि मी चौथी. नियम मात्र आपल्या बाजूने आहे आणि फार कमी जणींना तो ठाऊक असतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने आपली कागदपत्रं मागितली तर डॉक्टरने ती बहात्तर तासांत द्यायची आहेत. मागायचं मात्र आपण.

मागणं किती लांबू शकतं, हे पाहायला भोपाळच्या बायांना परदेशात जावं लागत नाही. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा २ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीला आठ-नऊ वर्षं झाली होती. गॅसबद्दल मी कारंज्याला वर्तमानपत्रात वाचलं होतं. इथे येऊन पाहिल्या त्या पिशव्या. जुन्या भोपाळातली कुठलीही गॅसपीडित बाई दवाखान्यात निघाली की तिच्या हातात प्लास्टिकची एक पिशवी असते, कोपरे फाटलेली. आत चिठ्ठ्या, थुंकीच्या तपासण्या, छातीचे एक्स-रे, दुमडून दुमडून मधोमध पांढरी रेघ पडलेले. फुप्फुसावरची रेघ आजाराची की घडीची, हे डॉक्टरला विचारून घ्यावं लागतं. या शहरातल्या फुप्फुसांचा अभ्यास खूप झाला. डोळ्यांचा झाला, पोटातल्या बाळांचा झाला. निबंध लिहिले गेले, खटल्यांत आकडे मांडले गेले. पण ज्या बाईची छाती होती, तिच्याकडे तिच्या छातीची सलग हकिगत नव्हती. दर वेळी नवा डॉक्टर, दर वेळी पहिल्यापासून सुरुवात.

तेव्हा इथल्या बायांनी काय केलं? भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटन ही त्यांची संघटना. यादगार-ए-शाहजहानी पार्कात दर शनिवारी जमायची, अब्दुल जब्बार भाई ते असेपर्यंत सोबत असायचे. १९९८ साली ही संघटना इतरांसोबत सर्वोच्च न्यायालयात गेली. औषधोपचारांच्या बाकी मागण्यांबरोबर एक मागणी होती, आमच्या आजारांच्या नोंदी नीट ठेवा, संगणकात घाला, आणि आमच्या आम्हाला द्या. नुकसानभरपाईची गोष्ट वेगळी, ही कागदांची. चौदा वर्षांनी, ९ ऑगस्ट २०१२ ला, न्यायालयाने ते मान्य केलं. नोंदी संगणकात जाव्यात, प्रत्येक पीडिताला आरोग्यपुस्तिका आणि स्मार्ट कार्ड मिळावं, असा आदेश झाला, आणि पुढची देखरेख जबलपूरच्या उच्च न्यायालयाकडे दिली.

मला हे फार मोठं वाटतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या कितीतरी बाया त्या पार्कात गवतावर बसून म्हणत होत्या की आमच्या आतलं जे तुम्ही पाहिलंत ते आम्हालाही पाहायचं आहे. तेव्हा या देशात संगणकावर आपला एक्स-रे पाहिलेले लोक कितीसे होते? सुझन पॉटरने प्रयोगशाळेचं दार वाजवलं त्याच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. तिला तर खोली उघडून दाखवली.

इकडे ते काम अजून चालू आहे. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयासमोर सांगण्यात आलं, की २०१४ च्या आधीच्या जुन्या नोंदींची पानंच सतरा लाखांच्या वर आहेत आणि दिवसाला सुमारे तीन हजार पानं स्कॅन होतात, तेव्हा साडेपाचशे दिवस लागतील. बातमी वाचून मी किराणा हिशेबाच्या वहीच्या मागे भागाकार केला. पाचशे सहासष्ट आले. रविवार आणि सणवार मी धरले नव्हते.

आमच्याकडे ब्लाउज, साड्यांचे फॉल करून देणाऱ्या एक बाई येतात. गॅसच्या रात्री त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यांना मी ती बातमी वाचून दाखवली, तीन हजार पानं आणि सतरा लाख पानं. त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता ऐकलं. एक डोळा अधू असल्याने दोरा ओवायला त्यांना वेळ लागतो. मग विचारलं, ‘‘दीदी, उसमें मेरा वाला कौन-से दिन आएगा?’’